न झालेल्या घटस्फोटाचं मोजमाप

अकोल्याच्या छाया आणि प्रमोद गावंडे यांचा घटस्फोट मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी, चहा गाळून होईपर्यंतच्या वेळात, रीतसर पार पडला.

तो पार पडलेला नाही. असा कुठलाही घटस्फोट झालेला नाही, वरचं वाक्य छापलेलं नाही आणि तुम्ही ते वाचलेलं नाही. माघार कायद्यानुसार एवढं सांगणं बंधनकारक आहे. आता गोष्ट सुरू होते.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी छाया चहा गाळत होती. प्रमोद आंघोळीला गेला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी झळकली : ‘अभिनंदन, छायाजी! आपण आता स्वतंत्र आहात. दोन कूलरपैकी आपल्या वाट्याचा कूलर निवडण्यासाठी येथे बोट ठेवा.’ छायाने गाळणं हातात धरून ती पट्टी वाचली. पुन्हा वाचायला गेली तर तिथे तूरडाळीचा भाव होता.

प्रमोद डोकं पुसत बाहेर आला.

‘‘काही म्हणत होता का पडदा?’’

‘‘तूरडाळ महागली.’’

‘‘अरेरे,’’ प्रमोद म्हणाला. तूरडाळीसाठी एवढं दुःख कुणी करत नाही, हे छायाच्या लक्षात आलं.

त्या मधल्या वेळात बरंच काही न झालेलं होतं. सोसायटीनं गावंड्यांचं पाण्याचं बिल दोन नावांवर केलं होतं. प्रमोदच्या बहिणीच्या घरच्या यंत्रणेनं त्याचा फोटो, चष्मा काढून, एका विवाह मंडळाकडे पाठवला होता. नागपूरच्या मुलीच्या यंत्रणेनं ‘आई, तुझा निर्णय योग्यच आहे’ आणि ‘बाबा, तुमचा निर्णय योग्यच आहे’ असे दोन निरोप एकाच वेळी धाडले होते. मग हे सगळं मागे घेतलं गेलं. छाया आणि प्रमोद चहा प्यायले.

‘‘छान झालाय,’’ प्रमोद म्हणाला. ‘‘थँक यू.’’

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. चहाला थँक यू त्यानं पहिल्यांदाच म्हटलं. छायाने कप बशीत ठेवून त्याच्याकडे बघितलं.

पुढे जाण्याआधी ‘पुढाकार’बद्दल सांगायला हवं. पुढाकार ही तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम. घरातला पडदा, आरसा, फ्रिज, कूलर, दाराची कडी, सगळं तिच्यावर चालायचं. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम माणसानं सांगितलेलं काम करायच्या. पुढाकार माणूस सांगणार असेल ते काम करायची.

कल्पना तशी नवी नव्हती. प्रोसेसरला ही खोड गेल्या शतकातच लागली होती. प्रोग्राममध्ये ‘असं असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे’ असे फाटे असतात. फाट्यावर उत्तराची वाट बघत उभं राहण्यात वेळ जातो. म्हणून प्रोसेसर अंदाज बांधतो आणि एका रस्त्यानं धावत सुटतो. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचला. चुकला तर केलेलं काम पुसायचं, फाट्यावर परत यायचं, आणि चेहरा असा ठेवायचा की आपण इथून हललोच नव्हतो. बसस्टँडसमोरच्या हॉटेलातला माणूस गिऱ्हाइकाचा चेहरा बघूनच आलूबोंडा तेलात सोडतो, तसंच हे. गिऱ्हाइकानं पोहे मागितले तर आलूबोंडा गुपचूप बाजूला होतो. आपल्या नावाचा एक आलूबोंडा या जगात येऊन गेला, हे त्या गिऱ्हाइकाला कधी कळत नाही.

पुढाकारनं हीच युक्ती माणसांच्या निर्णयांना लावली. तुमचं बोलणं, तुमचा श्वास, तुम्ही चमचा किती जोरात ठेवला, यावरून तुम्ही काय ठरवणार आहात ते ताडायचं आणि करून टाकायचं. तुम्ही पुढे तसंच वागलात तर काम आधीच झालेलं. नाही वागलात तर माघार. न्यायालयातही पुढाकारच होती. न्यायाधीश काय निकाल देतील ते ताडून ती निकाल देऊन मोकळी व्हायची. लोक खूश होते. भूक लागण्याआधी डबा यायचा, कंटाळा येण्याआधी पाहुणे उठायचे. माघारीची वेळ क्वचितच यायची, आणि आली तर कायदा स्पष्ट होता : माघारीत गेलेली घटना घडलेली नाही असे समजावे. ती कोणाच्या मनातून निघाली याची नोंदही पुसून टाकावी, म्हणजे घरात भांडणं होणार नाहीत.

हा कायदा लिहिणाऱ्यांची लग्नं झालेली नसावीत.

माघारीची एक रीतही पडली होती. नेमक्या क्षणी पडद्याकडे बघत असलेल्या शेजाऱ्यांना काय ते कळायचंच. मग ते भेटायला यायचे आणि काही विचारायचे नाहीत. दुपारी खालच्या मजल्यावरच्या बोचरे वहिनी आमरसाचं पातेलं घेऊन आल्या.

‘‘मी काई इचारायले नाई आली व, छाया.’’

‘‘बसा ना वहिनी.’’

‘‘बसतो घडीभर. काई झालंच नाई, त इचारायचं काय?’’ वहिनींनी पदरानं वारा घेतला, प्रमोदकडे बघितलं, मग छायाकडे बघितलं आणि मोठा उसासा सोडला. उसासा रीतीत बसत होता. प्रमोद गुडघ्यांवर हात ठेवून, मुलगी बघायला आल्यासारखा ताठ बसला होता.

‘‘रस गोड आहे,’’ तो म्हणाला.

‘‘तुमाले नाई तो. तुमाले शुगर हाय,’’ वहिनी म्हणाल्या. उठता उठता दारात त्यांनी छायाचा हात धरला. ‘‘एक सांगतो. पान्याचं बिल दोन नावावर आलं होतं ना, ते मी पाह्यलंच नाई बरं.’’

म्हणजे ती हिरवी पट्टी भास नव्हता.

आता एकच प्रश्न राहिला. कोणाच्या मनातून? घराचं खातं दोघांचं मिळून होतं. मंगळवारी सकाळी घरात दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक माणूस चहा करत होतं. छाया कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाली होती. पुरावा नसताना निष्कर्ष काढायचा नाही, हे तिनं पोरांना आयुष्यभर बजावलं होतं. पण प्रमोद मंगळवारपासून टॉवेलची घडी घालत होता. तिला आधी पंख्याखाली बसू देत होता. एखाद्या लॉजमध्ये उतरलेला सभ्य माणूस वागेल तसा वागत होता. जो माणूस जायचं ठरवतो तोच असा वागतो, असं तिला वाटलं.

तिच्या स्वतःकडून असं काही निघालं असेल ही शंका तिला आली नाही. तिला राग कुठे आला होता? अगदी मेळघाटच्या बाबतीतही नाही. महिन्याभरापूर्वी पडद्यावर तिथल्या एका आश्रमशाळेचा निरोप आला होता : ‘आपला नकार मिळाला. कळविल्याबद्दल आभार.’ वर्षभर येऊन विज्ञान शिकवाल का, असं त्या शाळेनं विचारलं होतं आणि पुढाकारनं तिच्या वतीनं नाही म्हणून कळवलं होतं. प्रमोदचे गुडघे, तिचं वय, मेळघाटातले घाटरस्ते, सगळं हिशोबात धरून. छायाने तो नकार वाचला. फारच छान लिहिला होता. तिला इतका चांगला जमला नसता. आणि ती नाहीच म्हणणार होती, हेही खरंच होतं. मग रागवायचं कशावर? तिनं पडदा पुसला आणि भाजी निवडायला घेतली.

गुरुवारी ती माघार कक्षात गेली. तिथे बावस्कर नावाचे अधिकारी एकटेच बसायचे. त्यांच्याकडे फार कोणी येत नसे, कारण येण्यासारखं काही घडलेलंच नसायचं.

‘‘मला एवढंच हवंय,’’ छाया म्हणाली, ‘‘की मंगळवारचं ते कोणी केलं?’’

‘‘काय केलं म्याडम?’’

‘‘घटस्फोट.’’

‘‘कोणाचा?’’

‘‘माझा.’’

बावस्करांनी समोरच्या पडद्यावर बघितलं. ‘‘तुम्ही तर विवाहित दिसता. अखंड.’’

‘‘मधे थोडा वेळ नव्हते.’’

‘‘असं कसं म्हणता म्याडम? मधे थोडा वेळ नव्हताच.’’ बावस्कर कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. ‘‘जे झालंच नाही ते कोणी केलं, हे मी कोणत्या रकान्यात बघू? घरी जा. साहेबांना चांगलं भाजी-भाकरी खाऊ घाला. आपोआप जुळते सगळं.’’

‘‘तुटलं नसेल तर जुळतंय काय?’’

बावस्करांनी या प्रश्नावर पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं. रिक्षात बसताना छायाला बसस्टँडसमोरच्या हॉटेलातली कढई आठवली. आलूबोंडा बाजूला काढता येतो, पण तेल लगेच थंड होत नाही. पुढच्या माणसानं आलूबोंडा मागितला तर तो चटकन मिळतो, आणि त्यावरून आधी कोणीतरी येऊन गेलं होतं हे ओळखता येतं. प्रोसेसरचंही तेच. तो माघार घेतो तेव्हा उत्तरं पुसतो, पण धावताना माहितीची जी पानं जवळ ओढून ठेवलेली असतात ती तिथेच राहतात. तीही साफ करायची म्हटलं तर यंत्र मंद होतं आणि मंद यंत्र कोणी घेत नाही. जवळ ठेवलेलं पान चटकन उघडतं, लांबचं जरा उशिरा. फरक डोळ्याला दिसत नाही. मोजावा लागतो.

पुढाकार ही ओढलेली पानं प्रत्येकाच्या अंगठ्यागणिक वेगळी ठेवायची. म्हणजे कौटुंबिक न्यायालयाचं पान प्रमोदच्या अंगठ्यानं उघडून बघायचं, मग आपल्या. ज्याचं चटकन उघडेल, मंगळवार त्याचा.

अडचण घड्याळाची होती. हे मोजून गुपितं काढता येतात, हे यंत्र बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सगळी घड्याळं मुद्दाम थोडी अंधूक करून ठेवली होती. मनगटावरचं, पडद्यावरचं, ओव्हनचं. दिवसभराच्या व्यवहाराला पुरेशी, पण असल्या कामाला निरुपयोगी. छायाला असं घड्याळ हवं होतं जे पुढाकारच्या ताब्यात नाही आणि ज्याला अंदाज बांधता येत नाही.

तसं घरात एक होतं. माळ्यावर.

‘‘अहो,’’ ती जेवताना म्हणाली, ‘‘तुमचा तो मामांचा कॉम्प्युटर चालतो का अजून?’’

प्रमोदनं घास तसाच हातात धरला. ‘‘काहून?’’

‘‘का म्हणजे, मला या पडद्याचा वेग मोजायचाय. सहज.’’

सहज या शब्दावर प्रमोदनं आणखी काही विचारायला हवं होतं. त्यानं विचारलं नाही. तो जेवण अर्धवट सोडून, दुखऱ्या गुडघ्यांसकट, शिडीवर चढला.

तो कॉम्प्युटर प्रमोदच्या मामानं मस्कतहून आणला होता, प्रमोद शाळेत असताना. आकार पाटीएवढा, रबराची बटणं, खोडरबरासारखी मऊ. स्वतःचा पडदा नाही, टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर घालायची. प्रोग्राम कॅसेटवरून यायचा. मेमरी अठ्ठेचाळीस किलोबाइट. घरातल्या फ्रिजला फक्त ‘कोथिंबीर संपत आली’ एवढं वाटायला याच्यापेक्षा जास्त मेमरी लागायची. छायाच्या आरशातला प्रोसेसर या यंत्राहून किती पट वेगवान आहे हे प्रमोदनं काढायला घेतलं आणि शून्यं मोजताना त्याला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

माळ्यावरचा पोटॅटो चिप्सच्या खोक्याएवढा जुना टीव्हीही खाली आला. सगळं पुसून, जोडून, प्रमोदनं बटण दाबलं. त्याच क्षणी, खरोखर त्याच क्षणी, पडद्यावर यंत्र तयार असल्याची ओळ आली.

‘‘एवढंच?’’ छाया म्हणाली. ‘‘अपडेट नाही? अटी मान्य करायच्या नाहीत?’’

‘‘हे असंच आहे.’’

‘‘आता काय करतंय ते?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही म्हणजे?’’

‘‘म्हणजे तू काही सांगितलं नाहीस ना अजून.’’

कोपऱ्यात एक चौकोन उघडझाप करत होता. छाया खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. तो तिला ओळखत नव्हता. तिचं नाव, तिचं वय, तिला रात्री झोप लागते का, यातलं त्याला काही माहीत नव्हतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. ती एक बटण दाबेपर्यंत तो तसाच उघडझाप करणार होता. तिनं बराच वेळ दाबलं नाही. तिला बरं वाटत होतं.

‘‘बिघडलं का?’’ प्रमोदनं आतून विचारलं.

‘‘नाही. थांबलंय.’’

पुढचे काही दिवस दोघं त्या यंत्राच्या नादी लागले. कॅसेट प्लेअरचा कर्कश्श आवाज घरभर घुमायचा, मधेच तुटायचा, मग प्रमोद बारीक स्क्रू ड्रायव्हरनं कॅसेट वाचणारं आतलं हेड एका बाजूला कलवायचा आणि देवाशी बोलावं तसं कॅसेटशी बोलायचा. छायाने कॉलेजच्या जुन्या किटमधून उजेड ओळखणारा एक छोटा पुर्जा काढला. तो पुढाकारच्या पडद्यावर चिकटवायचा आणि त्याची वायर जुन्या कॉम्प्युटरच्या कॅसेटच्या भोकात. अंगठा टेकला की पुढाकारचा पडदा क्षणभर काळवंडायचा, पान उघडलं की उजळायचा. त्या दोन्हींच्या मधे जुनं यंत्र फक्त आकडे मोजणार. त्याच्या प्रत्येक कामाला ठरलेलाच वेळ लागतो. ना कमी, ना जास्त, कारण ते पुढचं काही ताडायला जातच नाही. एक झालं की दुसरं. हातानं नोटा मोजणाऱ्या, आणि मधे कुणी बोलावलं तरी मान वर न करणाऱ्या माणसासारखं.

मोजणीचा प्रोग्राम प्रमोदनं लिहिला. पहिल्या खेपेला त्यात चूक होती आणि यंत्रानं ती चूक अत्यंत निष्ठेनं केली.

‘‘माझी चूक आहे,’’ प्रमोद खुशीत म्हणाला. ‘‘बघ, माझीच!’’ कित्येक वर्षांत त्याच्या हातून स्वतःची अशी चूक झालीच नव्हती. पुढाकार आधीच सुधारून टाकायची.

हे सगळं पुढाकार भिंतीवरून बघत होती. तिनं अंदाज बांधला : दांपत्य जुन्या आठवणींत रमले आहे. आणि तिनं मंद आवाजात बासरी लावली.

‘‘बंद कर गं बाई,’’ छाया म्हणाली. पण ती म्हणण्याआधीच बासरी बंद झाली होती.

रविवारी दुपारी सगळं तयार झालं. कूलर घरघरत होता. छायाने पानांची यादी मनात ठरवली होती. आधी साधी पानं, मग ते एक.

‘‘तुमचा अंगठा ठेवा. कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्यांचं पान.’’

प्रमोदनं ठेवला. टीव्हीवर लांबलचक आकडा आला. छायाने ठेवला, तसाच लांबलचक.

‘‘आता हापूसच्या पेट्या.’’

छायाचा आकडा लांबलचक. प्रमोदचा निम्म्याहूनही कमी. छायाने चष्मा वर केला.

‘‘शुगर आहे तुम्हाला.’’

‘‘मी कुठे मागवलेत?’’

‘‘मागवणार होता.’’

‘‘विचार आला असेल एखादा,’’ प्रमोद म्हणाला. ‘‘मे महिना आहे. माणसाच्या मनात येतंच.’’ मग त्यानं जीभ चावली, आपणच काहीतरी भलतं बोलून बसल्यासारखी.

म्हणजे मोजमाप बरोबर होतं. तिनं पुढचं पान शोधलं आणि त्याचं नाव मोठ्यानं वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती. कौटुंबिक न्यायालयाची कमान प्रमोदला बसल्या जागेवरून दिसत होती.

त्यानं अंगठा सदऱ्याला पुसला. पुन्हा पुसला. मग डोळे मिटून, इंजेक्शन घेताना करतात तसं तोंड करून, त्यानं तो पडद्यावर टेकवला.

जुनं यंत्र मोजत राहिलं. आकडा लांबलचक आला. ताट्यांइतकाच.

प्रमोदनं एक डोळा उघडला. मग दुसरा. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन त्यानं तो आकडा बोटानं वाचला आणि तो गुडघे विसरून उभाच राहिला.

‘‘म्हणजे मी नव्हतो!’’ तो ओरडला. ‘‘छाया, मी नव्हतो! अगं, मला वाटत होतं मीच! आरशात आलं होतं ना, ‘प्रमोदजी, आपण आता स्वतंत्र आहात’. मी साबण लावत होतो. आणि त्याच मिनिटाला माझ्या मनात आलं होतं, देवाशपथ खोटं नाही सांगत, की एकटा असतो तर पंखा पाचवर ठेवून झोपलो असतो! एवढंच आलं होतं! मला वाटलं तेवढ्यावरून पुढाकारनं घटस्फोट करून टाकला! झोप लागत नव्हती मला, कसं सांगू तुला, टॉवेलच्या घड्या घालत होतो मी...’’

तो हसत होता. हसता हसता त्याला घरात दुसरं माणूस कोण होतं ते आठवलं.

छायाने आपला अंगठा टेकवला. तिला गरज वाटत नव्हती, पण प्रयोग अर्धा सोडायचा नसतो. आकडा इतका छोटा आला की तो पडद्याच्या कोपऱ्यात सापडायला वेळ लागला.

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, तो कोरडा आवाज करायला लागला. प्रमोद खाली बसला. पुढाकारच्या पडद्यावर एक ओळ उमटू लागली : ‘छायाजी म्हणू इच्छितात की’. प्रमोदनं उठून त्यावर टॉवेल टाकला. घडी घातलेला.

मग तो छायाकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, ‘‘काहून?’’

एवढंच. पुढे काही सुचवलं नाही, स्वतःच उत्तर दिलं नाही, ‘मला माहीत आहे’ म्हटलं नाही. तो नुसता थांबला. छायाला बोलायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ तो थांबलेलाच होता.

‘‘मला मेळघाटात जायचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे नव्हतं जायचं. मी नाहीच म्हणणार होते.’’

‘‘मग?’’

‘‘पण मला ते म्हणायचं होतं ना. तुमच्याजवळ. जायचंय म्हणून. मग तुम्ही काय म्हणाला असता?’’

प्रमोदनं प्रामाणिकपणे विचार केला. ‘‘मी आधी नाही म्हटलं असतं. वेड लागलं का म्हटलं असतं. मग दोन दिवस रुसलो असतो. जेवताना बोललो नसतो. मग तिसऱ्या दिवशी विचारलं असतं, तिकडे दूध चांगलं मिळतं का.’’

‘‘तेच,’’ छाया म्हणाली. ‘‘तेच दोन दिवस हवे होते मला. ते पुढाकारनं वाचवले हो आपले. तुमच्या गुडघ्यांचं कारण देऊन शाळेला नकार गेला. उत्तर तेच आलं, पण ते दोन दिवस मला कोणी दिलेच नाहीत. आणि कोणावर रागवू? बरोबरच तर होतं सगळं.’’

‘‘आणि माझे गुडघे मधे घातले.’’

‘‘दुखतात ना तुमचे गुडघे.’’

‘‘दुखतात. पण त्यांना विचारलं का कोणी?’’ प्रमोद म्हणाला. तो रागावला होता. खराखुरा. छाया त्याच्याकडे बघतच राहिली. ‘‘आणि तू तरी! एवढं मनात होतं तर ताट आपटायचं होतं. थेट कोर्टात?’’

‘‘मी कुठे गेले कोर्टात? चहा गाळत होते मी!’’

‘‘चहा गाळता गाळता माणूस सोडतं कोणी नवऱ्याला?’’

‘‘आणि पंखा पाचवर करायला?’’

तिथून पुढे ते रीतसर भांडले. चारपर्यंत. बोचरे वहिनी जिन्यात येऊन थांबल्या, ऐकलं, आणि हे तर खरंच होऊन रायलं, असं म्हणून परत गेल्या, कारण खऱ्या भांडणात भेटायला जायची रीत अजून पडलेली नव्हती. प्रमोद मग दोन दिवस रुसला. जेवताना बोलला नाही. टॉवेल ओला तसाच पलंगावर टाकला. चहाला थँक यू म्हटलं नाही. छाया त्या दोन दिवसांत दोनदा रडली आणि तिला गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी प्रमोदनं विचारलं, ‘‘तिकडे दूध चांगलं मिळतं का?’’

‘‘जागा भरली असेल आता त्यांची.’’

‘‘जागेचं नाही विचारलं मी. दुधाचं विचारलं.’’

छायाने शाळेला स्वतः फोन लावला. जागा भरली होती. पुढच्या वर्षी विचारू, म्हणाले, पण त्यांची यंत्रणा पुढच्या वर्षीलाही तिचा नकार आधीच धरून चालत होती आणि तो काढायचा तर तो तिनं स्वतः दिलेला नव्हता हे दाखवावं लागणार होतं. नकारावर ती चिडली होती याची खूण फक्त त्या घटस्फोटात होती, आणि घटस्फोट तर झालेलाच नव्हता. तो झाला होता अशी नोंद असती तर नकार तिचा नव्हता हे दाखवता आलं असतं. म्हणून दोघांनी मिळून अर्ज करायचं ठरवलं. पडद्यावर विषयाची ओळ लिहून होण्याआधीच ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’ असं उत्तर आलं. मग छायाने कोरा कागद घेतला. मजकूर तिनं सांगितला, अक्षर प्रमोदचं.

बावस्करांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला.

‘‘नामंजुरी तर येऊन गेली म्याडम. आता अर्ज कशाला?’’

‘‘नामंजूर काय केलं, ते तरी तुमच्याकडे असू द्या.’’

बावस्करांनी थोडा विचार केला, टेबलाच्या खणातून एक वाळलेला शिक्का काढला, त्यावर हाः करून वाफ सोडली आणि ठोकला. अर्ज असा होता :

प्रति,
मा. माघार अधिकारी,
माघार कक्ष, अकोला.

विषय : न झालेला घटस्फोट झाला होता असे मानण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आम्ही खाली सही करणारे पती-पत्नी मे महिन्यातील मंगळवारी सकाळी काही काळ एकमेकांचे कोणीही नव्हतो. याबाबत आम्हा उभयतांचे एकमत आहे. सदर घटस्फोट अर्जदार क्र. १ यांच्या मनातून निघाला असून त्यास सबळ कारण होते. सदर कारण अर्जदार क्र. २ यांनी ऐकून घेतले आहे, उशिरा का होईना. घटस्फोटच झाला नाही असे मानल्यास त्याचे कारणही नव्हते असे होते, व ते आम्हास मान्य नाही.

तरी सदर घटस्फोट झाला होता अशी नोंद घ्यावी. तो कायम ठेवावा किंवा कसे, हे आमचे आम्ही ठरवू. त्यास वेळ लागेल, व लागणारा वेळ वाचविण्यात येऊ नये. अर्जदार क्र. १ यांच्या नावे शाळेस कळविलेला नकार परत घेऊन त्यांना तोच प्रश्न पुन्हा नव्याने विचारण्यात यावा. त्या काय उत्तर देतील हे अर्जदार क्र. २ यांस छत्तीस वर्षांच्या सहवासानंतरही निश्चित सांगता येत नाही, व अन्य कोणासही ते सांगता येऊ नये. उत्तर मिळेपर्यंत राज्यातील सर्व यंत्रणांनी, काहीही न करता, थांबावे, ही नम्र विनंती.